मोकळं वाक्य

कीर्तीने स्वतःच्याच घराची बेल दाबली, घसा खाकरला आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "कुरिअर आहे. बाबांचं पाकीट आलंय. दार उघड बघू, बाळ."

तिसऱ्या मजल्यावर भर दुपारची सामसूम होती. समोरच्या दाराला कुलूप. जिन्याच्या जाळीतून पडलेल्या उन्हात कुणाची तरी सायकल तापत उभी होती. आत पावलं धावत आली आणि दाराशी थांबली. दाराचं भिंग आधीच्या मालकाने रंग देताना बुजवून टाकलं होतं, त्यामुळे आतून बाहेरचं काही दिसत नसे. ऐकू मात्र दोन्हीकडून यायचं. कीर्तीने कान लावला. फळीच्या पलीकडे कुणीतरी तोंडाने श्वास घेत होतं.

"कोण आहे?"

"कुरिअर, बाळा. सही पाहिजे."

"आई आंघोळ करतेय. नंतर या."

शब्द न् शब्द शिकवल्याप्रमाणे. आई घरात नाही, असं कधीही सांगायचं नाही. आवाज जरा कापला, एवढंच. कीर्ती चपला वाजवत अर्धा जिना उतरली, त्या हातात घेतल्या आणि अनवाणी परत वर आली. आता खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंचा आवाज.

"निशे, मी कमळाआजी गो. आईची वाटी द्यायची हाय. उघड."

हा पेपर अवघड होता. कमळाआजी म्हणजे निशाचा जीव. आत कडीवर हात पडल्याची बारीकशी खुडबुड झाली. खुडबुड थांबली.

"आई आंघोळ करतेय," आतून रडवेलं उत्तर आलं. "नंतर ये ना, आजी."

कीर्तीने डोळे मिटून श्वास सोडला. चपला पायात घातल्या. मग साध्या आवाजात म्हणाली, "निशा, आई आहे."

कडी ताडकन निघाली.

"आई, कुरिअरवाले आजोबा आले होते! आणि कमळाआजी पण! मी नाही उघडलं."

"शहाणी माझी." कीर्तीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. पाच वर्षांचं कपाळ घामाने ओलं झालं होतं.

हे सगळं सुरू झालं दोन महिन्यांपूर्वी, मागच्या बिल्डिंगमध्ये गॅस तपासायला आलोय म्हणून दोघे जण शिरले तेव्हापासून. आत एकटी म्हातारी होती. तेव्हापासून खांदा कॉलनीतल्या बायका दुपारी साखळी लावूनच बोलायच्या. कीर्तीच्या दाराला साखळी नव्हती. खालची कडी होती, निशाचा हात पोचेल अशी. आई दहा मिनिटांसाठी जरी खाली उतरली तरी निशाने ती आतून लावायची. मग लॅचची किल्ली असूनही बाहेरून कुणाला, अगदी कीर्तीलाही, दार उघडता येणार नाही. आणि ती काढायची फक्त आईच्या आवाजाला. आजी असो, शाळेतल्या बाई असोत, पोलीस असोत. फक्त आईच्या.

बाकीच्या बायकांनी मुलांना नुसतं बजावलं असतं. कीर्ती परीक्षा घेऊ शकत होती. तिच्या गळ्यात माणसं होती.

निशाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी आईचे आवाज दोनच, साधा आणि रागावलेला.

तिसरा आवाज बेडरूमच्या माळ्यावर राहायचा. तो काट्याचा.

काट्या म्हणजे साळिंदराचं पिल्लू. कुठल्याशा थंडीच्या देशात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने चितारलेलं. गळ्यात ढोल अडकवून रानातल्या सगळ्या पिल्लांना आपल्यामागे हिंडवणारं. त्याचे चौदा भाग २००५ साली मराठीत व्हीसीडीवर आले, तेव्हा त्याला बोलतं केलं ते एकवीस वर्षांच्या कीर्तीने, अंधेरीतल्या एका तळघरात. कॉलेजच्या एकांकिकेत तिने लहान मुलाचं काम केलं होतं, ते कुणीतरी लक्षात ठेवलं. चवड्यांवर उभं राहायचं, उजव्या हाताने कानाची पाळी पिळायची. तसं केलं की आवाज नाकाच्या मुळाशी जाऊन बसे आणि काट्या बोलू लागे. हेडफोनमध्ये मूळ भाषेतला काट्या, समोरच्या पडद्यावर त्याचं तोंड, आणि त्या तोंडात नेमका बसणारा कीर्तीचा शब्द. पुढे लग्न, पनवेल, निशा. तळघर सुटलं.

निशा अडीच वर्षांची असताना ताप उतरेना आणि औषध पोटात राहीना. तेव्हा कीर्ती पडद्याआड गेली, चवड्यांवर उभी राहिली, आणि माळ्यावरून काट्या म्हणाला, "मी पण पितो, तू पण पी." निशाने वर बघत बघत चमचा गिळला. त्यानंतर दूध, लसीकरण, बालवाडीचा पहिला दिवस, सगळं काट्याने निभावलं. "पुरे कर गं आता," तिचा नवरा हरेश म्हणायचा. त्याची उरणला बंदरावर पाळी असायची, घरी असेल तेव्हा तो झोपलेला असायचा. "एक दिवस पकडली जाशील."

"मोठी झाली की सांगेन," कीर्ती म्हणायची.

आज मात्र निशाला खाली कमळाबाईंकडे पाठवायला हवं होतं. तीन वाजता माणसं येणार होती.

गुरुदत्त पुण्याचा होता. पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अर्धा तास उशिरा पोचला, तो माफी मागतच आत आला. मागून शिवा, कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळणारा, फारसं न बोलणारा. गुरुदत्त जुन्या कार्टूनवर माहितीपट करत होता. चित्रं कोणी काढली, टापांचा आवाज नारळाच्या करवंट्यांतून कसा निघायचा, आणि मुख्य म्हणजे ती प्राणीपाखरं आपल्या भाषेत कोणाच्या गळ्यातून बोलली.

"तुम्हाला शोधायला आठ महिने लागले, मॅडम," तो म्हणाला. "व्हीसीडीच्या कव्हरवर नाव नाही, आत नाव नाही. शेवटी तळघरातल्या चहावाल्याने सांगितलं. म्हणाला, ती कान पिळणारी मुलगी ना, ती पनवेलला दिली."

कीर्ती हसली. आपल्याबद्दल असं काही कुणी सांगून कित्येक वर्षं झाली होती.

शिवाने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिजचं बटणसुद्धा. घरात अशी शांतता पसरली की गळ्यातलं गिळणं ऐकू यावं. लांब दांडीला बांधलेला केसाळ माईक कीर्तीच्या डोक्यावर येऊन थांबला.

"एकच विनंती," गुरुदत्त म्हणाला. "चेहरा आणि आवाज एका चौकटीत हवाय. काट्या बोलताना तुम्ही दिसायला हव्यात."

"माझ्या मुलीला माहीत नाहीये."

"म्हणजे?"

कीर्तीने सांगितलं. माळा, औषधाचा चमचा. दाराबाहेरच्या परीक्षा तेवढ्या सांगितल्या नाहीत. का कोण जाणे, ते ओठांवर येऊन परत गेलं.

शिवाने प्रथमच वर पाहिलं. गुरुदत्तला ते फारच आवडलं. "वा! म्हणजे काट्या अजून कामावर आहे!" मग जरा थांबून म्हणाला, "मागच्या वर्षी एका बाईंची मुलाखत घेतली. आयुष्यभर मुलग्यांचे आवाज दिले त्यांनी. घरात नातवंडांशी बोलायला लागल्या की पोरं म्हणायची, आजी, नीट बोल. बाई म्हणाल्या, आता नीट कुठला तेच आठवत नाही."

तो हसला. कीर्तीला हसू आलं नाही.

"फिल्म महोत्सवातच फिरणार हो. पाच वर्षांची मुलगी कुठे बघणार आहे? चला, एकदा होऊन जाऊ दे."

ती उठली. बाल्कनीच्या दाराशी उजेड बरा होता, तिथे उभी राहिली. चवडे उचलले. हात कानाकडे गेला.

आणि तिने तोंड उघडण्याआधीच काट्या बोलला.

लांबून, पण स्पष्ट. ढोल, आणि त्यावर तो आवाज. कीर्ती टेबलावरच्या गुरुदत्तच्या लॅपटॉपकडे वळली. "तो बंद करा ना आधी."

"बंदच आहे," गुरुदत्त म्हणाला.

शिवाने हेडफोन कानावर दाबला. "बाहेरून येतंय."

आवाज जवळ आला. आता काचेतूनही शब्द कळत होते.

"आई झोपली का? मग हळूच कडी काढा! हळूच बाहेर या! चला रे चला, काट्याच्या मागे चला!"

मग एका माणसाचा भसाडा आवाज, हायवेलगतच्या मैदानात मुलांची जत्रा, पाळणे, शनिवार-रविवार. मग पुन्हा ढोल. पुन्हा काट्या. आई झोपली का?

कीर्तीचा कानाकडे गेलेला हात खाली आला. हे वाक्य तिला आठवत होतं. आठ वर्षं आठवलं नव्हतं आणि आता त्या दिवशीच्या चहाच्या चवीसकट आठवलं.

खालून कमळाबाई ओरडल्या. "अगो पोरी! कुठं चालली? धरा रे तिला कोनीतरी!"

कीर्तीने बाल्कनीचं दार ढकललं. खाली रस्त्यावर पत्र्याचा काट्या टपावर उभा केलेला टेम्पो संथपणे कोपऱ्याकडे चालला होता, आणि त्याच्या मागे चार-सहा मुलं. सर्वांत शेवटी पिवळा फ्रॉक, पायात काही नाही. कोपऱ्यावर मोठा रस्ता. डोंगर फोडून माती नेणारे डंपर तिथून दिवसभर जात. टेम्पो वळला. पुढची मुलं कडेने त्याच्यामागे वळली. पिवळा फ्रॉक मात्र तिरका, सरळ रस्त्याच्या मध्यावर निघाला.

"निशा! थांब! निशा!"

तिने मान वळवली नाही. कीर्ती पुन्हा ओरडली, रागावलेल्या आवाजात. दोन्ही आवाज टेम्पोच्या कर्ण्याखाली बुडाले.

तिने चवडे उचलले. हात कानावर गेला.

"निशा, थांब! तिथेच थांब! काट्या इथे आहे!"

पिवळा फ्रॉक जागच्या जागी थांबला, जणू कुणी मागून धरलं. पुढच्याच क्षणी तिच्यासमोरून डंपर गेला. इतका जवळून की फ्रॉक वाऱ्याने उडून पुन्हा पायांना चिकटला.

धूळ खाली बसेपर्यंत निशा तशीच उभी होती. कोपऱ्यापलीकडे काट्या अजून बोलत होता. हळूच कडी काढा. ती तिकडे बघत राहिली. मग वळली आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर आई उभी होती, चवड्यांवर, कान धरलेला, तोंड अजून उघडं.

बाकीची मुलं टेम्पोमागे धावत गेली. निशा रडली नाही.

कीर्ती खाली पोचली तोवर कमळाबाईंनी तिला कडेवर घेतलं होतं. त्यांच्या हाताला भाकरीचं पीठ होतं, ते पिवळ्या फ्रॉकवर पाचही बोटांनी उठलं होतं.

"मी भाकरी थापीत व्हते गो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "त्यो आवाज आला आन् पोर उठली. माझ्या डोल्यांसमोर कडी काढलीन. हलूच, चोरावानी. मी म्हनलं, कुठं गो? तं म्हनते, काट्या बोलवतोय, आई झोपलीय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आन् मंग वरून तू! तुझ्या अंगात काय आलं व्हतं? आमच्या गावात असा आवाज फक्त देवाच्या बाईला येतो."

कीर्तीने निशाला घेतलं. ती आली, पण मान खांद्यावर टाकली नाही. ताठ बसली, आईच्या गळ्याकडे बघत.

वर गुरुदत्त सामान आवरत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "बरी आहे ना ती?" त्याने दोनदा विचारलं. निशाला आत निजवून कीर्ती बाहेर आली, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी चौदाही भाग पाहिलेत, मॅडम. ते वाक्य कुठल्या भागात नाही."

"भागातलं नाहीच ते." तिने पाण्याचा ग्लास भरला आणि तसाच ठेवला. "शेवटच्या दिवशी काम लवकर संपलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, दहा मिनिटं आहेत, जाहिरातीसाठी चार मोकळी वाक्यं देऊन टाक. पडद्यावर चित्र नाही, तोंड जुळवायचं नाही. जे सुचेल ते. मला वाटलं, मुलांना गंमत वाटेल. कडीचं ते..." ती थांबली. "ते मीच जोडलं. सगळे हसले होते."

गुरुदत्तने हातातली वायर गुंडाळायची थांबवली.

"रेकॉर्डिंग चालूच होतं," शिवा खाली बघत म्हणाला. "आलंय सगळं. टेम्पो पण, तुम्ही पण."

गुरुदत्तने त्याच्याकडे पाहिलं आणि मग कीर्तीकडे. त्याच्या डोळ्यांत हाव होती आणि तिची लाजही होती. "तुम्ही म्हणाल तर पुसतो."

"पुसा."

शिवाने मशीनवरचं कुठलं तरी बटण दाबलं. लाल दिवा लागला, विझला. पुसलं की ठेवलं, ते तिला नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी निशाने न कुरकुरता वरणभात खाल्ला. काट्याला हाक मारली नाही. ताट उचलताना कीर्ती म्हणाली, "बेटा, तुला काही विचारायचंय?"

निशाने विचार केला. "माळ्यावर कोण आहे?"

"कोणी नाही. गाद्या आहेत. जुनी बॅग."

"कुरिअरवाले आजोबा?"

आता खोटं बोलायचं नाही, असं कीर्तीने भांडी घासताना ठरवलं होतं. "ती पण मीच होते. तुला कडी नीट लावता येते का, ते बघत होते."

"दाराबाहेरची कमळाआजी?"

"ती मी. पण खालची कमळाआजी खरी आहे हं. आज तुला कडेवर घेतलं ना तिने?"

"गॅसवाले काका? ते रडणारं बाळ?"

"मीच."

निशा प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, शाळेत हजेरी घेताना बाई हलवतात तशी. "आणि बाबा फोनवर बोलतात ते?"

"बाबा बाबाच आहेत, राणी."

तिने मान हलवली, पण जराशी उशिरा. मग पुढे सरकली, दोन बोटं आईच्या गळ्यावर ठेवली, घाटीच्या बरोबर वर, आणि म्हणाली, "बोल."

"काय बोलू?"

बोटांखाली गळा थरथरला. निशाने हात काढून घेतला आणि फ्रॉकला पुसला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, आली, जेवली. टेम्पो आला नाही. तीन वाजता इस्त्रीवाल्याने खालून हाक मारली. शाळेची वेळ सोडली तर काल दुपारपासून कीर्ती निशाला सोडून हलली नव्हती, पण हरेशचे कपडे हवे होते, दुसरी पाळी संपवून तो रात्री येणार आणि पहाटे पुन्हा निघणार. बरोबर चल म्हटलं तर निशा चित्र रंगवण्यात गुंतलेली. पाच मिनिटं, कीर्तीने मनाशी हिशेब केला. जिना उतरायला एक, चढायला दोन.

"मी बाहेर पडले की काय करायचं?"

"खालची कडी लावायची."

"आणि?"

"फक्त आईच्या आवाजाला उघडायची," निशा रंगवता रंगवता म्हणाली.

दार ओढलं आणि लगेच आतून कडी बसल्याचा आवाज आला. तो ऐकूनच कीर्ती उतरली. खाली कमळाबाई ओट्यावर बसून कोळणीशी घासाघीस करत होत्या. "बरी हाय ना पोर?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," कीर्ती म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खरं वाटलं. कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती वर आली. इस्त्रीची ऊब अजून कापडात होती.

तिने बेल दाबली.

"निशा, आई आहे."

पावलं आली. दाराखालच्या फटीत उजेडाची पट्टी होती, तिच्यात दोन छोट्या सावल्या येऊन उभ्या राहिल्या.

कडी वाजली नाही.

"निशा, उघड राणी. मी आई."

सावल्या हलल्या नाहीत. कीर्तीने कपड्यांचा गठ्ठा सायकलीच्या सीटवर ठेवला. किल्ली तिच्या मुठीत होती, नुसतीच. ती खाली वाकली, तोंड दाराजवळ नेलं, आणि पुन्हा बोलायच्या आधी तिला थांबावं लागलं. साधा आवाज कुठून काढायचा असतो, हे तिने आजवर कधी शोधलं नव्हतं. तो असायचाच.

"निशा," ती म्हणाली. हा जरा उंच लागला. तिने तो खाली आणला. "निशा. बाळा, आईच आहे गं."

पलीकडे कुणीतरी तोंडाने श्वास घेत होतं. कान लावून, नीट, शेवटपर्यंत ऐकून घेत होतं.

"आई आंघोळ करतेय," आतून उत्तर आलं. "नंतर या."

आवाज या वेळी जरासुद्धा कापला नाही.